एका चकतीची जागा

समृद्धी महामार्गावर नागपूर मागे पडले की वर्धा जिल्हा सुरू होतो. येळाकेळी, विरूळच्या पट्ट्यात रस्ता सरळ आणि उघडा आहे. मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा. पुढे ट्रक दिसतो, पाय सैल होतो, लेन मोकळी होताच पुन्हा दाबला जातो. पाय दाबल्यापासून गाडी ओढ घेईपर्यंतचा तो क्षण टर्बो पेट्रोल इंजिनाची खरी परीक्षा घेतो. जाहिरातीत ताकद आणि टॉर्क छापतात, या क्षणाबद्दल काहीच छापत नाहीत. तो काही अंशी ठरतो थ्रॉटलच्या जागेवर.

थ्रॉटल म्हणजे हवेच्या वाटेतली फिरणारी गोल चकती. टर्बो नसलेल्या इंजिनात तिची जागा ठरलेली, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी. टर्बो आला की पेच पडतो: चकती त्याच्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आधी ठेवायची की नंतर?

शेव्हरोलेने 1962च्या कॉर्व्हेर स्पायडरमध्ये कार्ब्युरेटर, आणि त्यातली चकतीही, टर्बोच्या आधी ठेवली. मांडणी सोपी होती. पण पेट्रोल मिसळलेली हवा टर्बोतून जाणार म्हणजे मध्ये दाबून तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर घालणे अवघड. शिवाय चकती मिटली की कॉम्प्रेसरमध्ये निर्वात तयार होतो आणि बेअरिंगचे तेल सीलमधून आत खेचले जाऊ शकते. तरी या जागेत एक गुण आहे. कॉम्प्रेसरला रेटायला हवाच कमी उरते, त्यामुळे पाय सोडल्यावरही टर्बोचे चाक फिरत राहते. फॉर्म्युला वनमध्ये रेनोच्या इंजिनिअरांनी 1980च्या दशकात याच गुणासाठी चकती पुन्हा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नेली.

रस्त्यावरच्या गाडीत मात्र चकती नंतरच हवी. कालव्याचे गेट शेताच्या बांधाशी असले की उघडताच पाणी सरीत येते; मुखाशी असले तर वाट पाहावी लागते. हवेचेही तसेच. पण या जागेचीही किंमत आहे. चकती झटकन मिटली की दाबलेली हवा कोंडते, उलटी कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळते, म्हणून पुष्कळ इंजिनांत ती वळवून मागे सोडणारा व्हॉल्व्ह असतो. (डिझेलमध्ये ताकद इंधनाच्या मापाने ठरते, त्यामुळे बोलेरोवाल्यांना ही चिंता फारशी नाही.)

आता पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणाऱ्या, 2021मध्ये आलेल्या टायगुन आणि कुशाक या गाड्यांचे 1.0 टीएसआय हे टर्बो पेट्रोल इंजिन पाहा. तीन सिलिंडर, 999 सीसी, 178 न्यूटन मीटर. रूढ मांडणीत हवा टर्बोतून लांब होजने पुढच्या जाळीमागच्या इंटरकूलरकडे जाते, तिथून दुसऱ्या होजने परत येते आणि मग चकतीपाशी पोचते. एवढी लांबलचक पोकळी दाबाने भरायला वेळ लागतो, आणि तोच पायाला जाणवतो. टीएसआयमध्ये इंटरकूलर थेट मॅनिफोल्डच्या पोटात बसवला आहे, आणि चकती त्याच्या अलीकडे. टर्बो, आखूड नळी, चकती, कूलर, व्हॉल्व्ह: संपली वाट.

चकती कूलरच्या अलीकडे ठेवल्याने तिला दाबून तापलेली हवा सोसावी लागते, आणि तिच्यापुढे कूलरची पोकळीही येते. अभियंत्यांनी हे दोन्ही पत्करले, कारण एकूण वाटच आखडली. मला हा सौदा फार देखणा वाटतो. एक भाग हलवला आणि दोन होज उडाले. शिवाय हा कूलर पाण्यावर चालतो आणि पाणी विजेच्या पंपाने फिरते. वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा 45च्या आसपास असताना, टोलच्या रांगेत उभ्या गाडीच्या जाळीवर वारा येत नाही. पंप तेव्हाही पाणी फिरवू शकतो.

टर्बो पेट्रोल गाडी घेणार असाल तर चाचणीच्या वेळी नुसती पळवून पाहू नका. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40वर पाय पूर्ण सोडा, मग दाबा, आणि गाडी केव्हा ओढ घेते तेवढे लक्ष देऊन पाहा. दोन गाड्यांत निवड करायची असेल तर विक्रेत्याच्या तक्त्याआधी याला मान द्या.