हरणावरचा हक्क

जेम्स फेनिमोर कूपर याच्या ‘द पायोनिअर्स’ (१८२३) या कादंबरीचा आरंभ एका वादाने होतो. १७९३ सालच्या नाताळचा आदला दिवस आहे. न्यूयॉर्क राज्यातील बर्फाळ डोंगरात एक हरीण मरून पडले आहे, आणि ते कोणी मारले हा प्रश्न आहे. वसाहतीचा जमीनमालक न्यायाधीश टेम्पल आपल्या दुनळी बंदुकीच्या वतीने हक्क सांगतो. तरुण शिकारी ऑलिव्हर एडवर्ड्स त्याच्यापुढे छऱ्यांचा हिशेब मांडतो : चार पाइनच्या खोडात रुतले आहेत आणि पाचवा त्याच्या स्वतःच्या खांद्यात. जमीन ज्याची त्याचे हरीण, की नेम ज्याचा त्याचे? कादंबरीचा मूळ प्रश्न पहिल्याच प्रकरणात असा सरक्त उभा राहतो.

त्या वेळी तेथे वृद्ध नॅटी बम्पो हाही आपली लांब नळीची रायफल घेऊन उभा आहे. ही बंदूक ठासणीची आहे. दारू मोजून नळीच्या तोंडातून ओतावयाची, ओशट कापडाच्या तुकड्यात गोळी बसवून ती गजाने खाली ठासावयाची, कानाशी रंजक घालावयाची. मग चाप ओढला म्हणजे गारगोटीची ठिणगी पडते आणि बार उडतो. कधी उडतही नाही. नाताळच्या नेमबाजीत नॅटीची गारगोटी ऐन वेळी दगा देते, आणि न उडालेला बारही बार म्हणून मोजावा की काय, यावर पंचायत बसते. एका गोळीनंतर दुसरीस विलंब लागणार हे ज्याला ठाऊक आहे, तो पहिली गोळी जपून वापरतो. नॅटीचा संयम हा केवळ त्याच्या स्वभावाचा गुण नाही. तो त्याच्या हत्याराच्या मंदगतीतून हातात मुरलेला आहे. छऱ्यांच्या बंदुकीविषयी त्याला वाटणारा तिटकारा याच जाणिवेतून आलेला आहे.

हा विरोध पारव्यांच्या प्रसंगी स्पष्ट होतो. आकाश झाकून टाकणाऱ्या थव्यांवर गावकरी लहानशी तोफ डागतात. नॅटी एका गोळीत एकच पक्षी उतरवतो आणि निघून जातो. त्या जातीचा अखेरचा पारवा १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला, हे आजच्या वाचकास ठाऊक असते. त्यामुळे वृद्धाची कुरकुर त्याला भविष्यवाणीसारखी ऐकू येते.

तथापि कूपरने आपल्या नायकास साधू केलेले नाही, आणि येथेच कादंबरीची खरी शक्ती आहे. हरणांच्या रक्षणासाठी टेम्पलच्या पुढाकाराने कायदा होतो. टेम्पल दुष्ट नाही. नासाडीचे दुःख त्यालाही आहे. पुढे निषिद्ध हंगामात एक हरीण तलावात पोहताना दिसते आणि नॅटीला भान राहत नाही. नावेतून पाठलाग करून तो त्याचा गळा कापतो, तोही सुरीने! जपून झाडावयाची गोळी येथे नाही आणि तिच्याबरोबर येणारा संयमही नाही. मग झडतीसाठी आलेल्या अंमलदारावर तो बंदूक रोखतो आणि या अपराधापायी त्याला एक तास खोड्यात बसणे, शंभर डॉलर दंड आणि एक महिना कैद अशी शिक्षा होते. शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाच्या मुलीचे प्राण याच वृद्धाने वाघरासारख्या श्वापदापासून वाचवलेले आहेत. हरणावर सुरी उगारली गेली म्हणून नव्हे, तर हरणासाठीची बंदूक कायद्यावर रोखली गेली म्हणून तो गुन्हेगार ठरतो.

भारतीय वाचकास येथे ‘अभिज्ञानशाकुंतला’चा पहिला अंक आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही हरणाचा पाठलाग आहे आणि निषेधही आहे. परंतु निषेध करणारा अरण्यवासी तपस्वी आहे आणि बाण आवरणारा राजा. कूपरने हे नाते उलटे केले आहे. येथे सत्ता अरण्यवासीयास संयम शिकवते. ज्या देशात १८७८ च्या वनकायद्याने जंगलात राहणाऱ्यांच्या परंपरागत वहिवाटी आक्रसल्या, तेथील वाचकास हे उलटणे परके वाटू नये. कायदा आवश्यक असतो आणि तरीही तो ज्याच्यावर प्रथम पडतो त्याने अरण्य उजाड केलेले नसते, ही ती शोकांतिका होय.

पुढील कादंबऱ्यांत कूपरला हा तोल राखता आला नाही. ‘द पाथफाइंडर’मधील (१८४०) अशक्यप्राय नेमबाजीची मार्क ट्वेनने १८९५ साली यथेच्छ टर उडवली, आणि ती अनाठायी नव्हती. ‘द डिअरस्लेअर’मध्ये (१८४१) तरुण नॅटीच्या हाती जी ‘किलडीअर’ येते, ती बंदूक कमी आणि दंतकथेतील शस्त्र अधिक आहे. हत्यार चुकेनासे झाले की ते धरणाऱ्याच्या संयमाला काही किंमतच उरत नाही. ‘द पायोनिअर्स’मधली बंदूक जुनी आहे, सावकाश भरावी लागते आणि कधी कधी उडतही नाही, म्हणूनच तिच्या एका गोळीला नीतीचे वजन आहे. कादंबरीच्या अखेरीस वृद्ध ती खांद्यावर टाकून पश्चिमेकडे चालू लागतो. परंतु त्याच्याच पायवाटेने मागून वसाहत येणार आहे. पहिल्या प्रकरणातला प्रश्न कूपरने शेवटपर्यंत सोडवला नाही; त्याने तो अनिर्णीत ठेवला, हेच त्याचे प्रामाणिकपण.