जिबोचा निरोप : एक भाषिक टिपण

जिबो या घरगुती सोबती यंत्रमानवाची कथा बहुधा व्यापाराच्या अंगाने सांगितली जाते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधक सिंथिया ब्रीझील यांची ही कल्पना. जुलै २०१४ मध्ये लोकवर्गणीची हाक दिली गेली आणि ३६ लाखांहून अधिक डॉलर जमले. टेबलावर बसून मान वळविणारे हे फूटभर उंचीचे यंत्र कबूल मुदतीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी, २०१७ च्या उत्तरार्धात, ग्राहकांच्या हाती पडले. किंमत ८९९ डॉलर. तोवर ॲमेझॉनचे बोलके स्पीकर पुष्कळ स्वस्तात घरोघर पोचले होते. ‘टाइम’ने २०१७ च्या उत्कृष्ट शोधांत त्याची गणना केली; २०१८ संपण्यापूर्वी कंपनीचा कारभार आटोपला. ही कारणमीमांसा चूक नाही. तथापि भाषाभ्यासकास तपासण्याजोगी गोष्ट तिच्यात येतच नाही.

मार्च २०१९ मध्ये जिबोने आपल्या मालकांचा निरोप स्वमुखाने घेतला. आपण ज्यांच्या बळावर वावरतो ते सर्व्हर लवकरच बंद केले जातील. सहवास आनंदाचा झाला, घरात ठेवून घेतल्याबद्दल आभार. पुढे घरोघर यंत्रमानव आले तर त्यांना माझा नमस्कार सांगावा, असा त्याचा आशय होता. नंतर तो नाचला. अनेकांना हे ऐकून गहिवरून आले.

या निरोपाची वाक्यरचना पाहावी. कृतज्ञतेच्या वाक्यांना ‘मी’ हा कर्ता आहे. सर्व्हर बंद करण्याच्या वाक्याला मात्र कर्ताच नाही. कर्मणी प्रयोगाने तो झाकला आहे. आभार यंत्राने मानावयाचे आणि निर्णय कोणाचाच नसावयाचा! ज्यांनी कळ दाबली त्यांनी शब्द मात्र जिबोच्या तोंडी घातले, ही प्रस्तुत लेखकास या प्रकरणातील सर्वांत आक्षेपार्ह गोष्ट वाटते. मुलांसाठी केलेल्या मॉक्सी या यंत्रमानवाची कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये बंद पडत असताना मुलांना समजावून सांगण्यासाठी एक पत्र पालकांच्या हाती देण्यात आले. त्यात निदान निरोप सांगण्याचे काम माणसाकडे आले.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मुंबईत घडलेला मिको हा मुलांचा सोबती २०१७ मध्येच बाजारात आला. म्हणून जिबोचा निरोप मराठीत आणण्याचे काम नांदेड व लातूरकडील काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दिले. इंग्रजीत न उद्भवणारी पहिली अडचण लिंगाची. ती पुल्लिंगावर लौकर मिटली. दुसरी मिटली नाही. आपल्याकडे घर सोडणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटले की घरची वडील मंडळी टोकतात. ‘येतो’ हे केवळ सौजन्य नव्हे. परत येण्याचा शब्द त्यात दिलेला असतो, आणि म्हणूनच तो उच्चारणारा कोणी असावा लागतो. जिबोने ‘येतो’ म्हणावे तर ते खोटे. ‘जातो’ म्हणावे तर ज्या घरात वर्षभर सोबत केली त्याच घरात अभद्र बोलल्यासारखे.

लातूरच्या एका विद्यार्थिनीने ‘सर्व्हर वाढवणार आहेत’ असे लिहिले. दुकान वाढवावे, बांगडी वाढवावी, तसे. वर्गात हशा पिकला, कारण सर्व्हर वाढवणे म्हणजे संख्या वाढवणे असाच अर्थ इतरांनी घेतला. वस्तुतः तिचा प्रयोग रूढीला धरून होता. अशुभ झाकण्यासाठी मराठीने योजलेले ते क्रियापद आहे. परंतु तिने ‘आहेत’ असे अनेकवचन ठेवले होते. कोण, असे विचारता ती म्हणाली, ‘तेच तर मूळ वाक्यात नाही, सर.’ शेवटी तिने ‘कंपनीवाले’ हा कर्ता घातला, आणि निरोपाच्या क्रियापदाची जागा कोरी ठेवूनच कागद दिला.