गुलाम मोहम्मद यांचे चरित्र : नावे, सनावळ्या आणि एक न मिळालेले पारितोषिक

मराठीत चित्रपटसंगीतावर भरपूर लिहिले जाते. दिवाळी अंकात एखाद्या जुन्या संगीतकारावर लेख नसेल तर वाचकाला चुकल्यासारखे वाटते. या लेखनात जिव्हाळा पुष्कळ असतो, पण चरित्र म्हणून पाहू गेल्यास दोन उणिवा वारंवार दिसतात. सनावळी पडताळलेली नसते आणि नावे, विशेषतः मुस्लिम कलावंतांची, जशी कानावर पडली तशी लिहिलेली असतात. संगीतकार गुलाम मोहम्मद यांचे उदाहरण घेऊन या दोन्हींचा विचार येथे करावा, असे आम्हाला वाटते.

गुलाम मोहम्मद मूळचे बिकानेरकडचे. तबला-ढोलकावर त्यांचा तयार हात होता. नौशाद यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. स्वतंत्रपणे 'अंबर' (१९५२), 'दिल-ए-नादान' (१९५३), 'मिर्झा गालिब' (१९५४), 'शमा' (१९६१) यांसारख्या चित्रपटांना संगीत दिले. १७ मार्च १९६८ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांचा सर्वांत गाजलेला 'पाकीझा' फेब्रुवारी १९७२ मध्ये पडद्यावर आला.

आता पडताळणीकडे वळू. 'मिर्झा गालिब'च्या संगीतासाठी त्यांना १९५५ साली राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, असे विधान त्यांच्या परिचयांत हटकून आढळते. ते खरे नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत संगीत-दिग्दर्शनाचे पारितोषिक सुरू झाले तेच मुळी १९६७ सालच्या चित्रपटांपासून. पहिले पारितोषिक 'कंदन करुणै' या तमिळ चित्रपटासाठी के. व्ही. महादेवन यांना मिळाले. १९५५ साली असे पारितोषिक अस्तित्वातच नव्हते. मग ही समजूत आली कुठून? सोहराब मोदी यांच्या 'मिर्झा गालिब'ला चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. आदल्या वर्षीचे पहिलेच सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले, हे मराठी वाचक जाणतोच. चित्रपट १९५४ चा, पदक-समारंभ १९५५ चा. चित्रपटाचे पदक कोणीतरी संगीतकाराच्या नावे लिहिले आणि पुढच्यांनी ते उतरवून घेतले.

कोणी म्हणेल, गौरवच वाढला, बिघडले काय? आमच्या मते बिघडले ते इथेच. पदराचे पारितोषिक जोडले की वाचकाला वाटते, या माणसाचे देणे समाजाने फेडले. प्रत्यक्षात काय घडले? १९७२ च्या चित्रपटांसाठीचे फिल्मफेअरचे संगीत-पारितोषिक 'पाकीझा'ला मिळाले नाही, ते 'बेईमान'साठी शंकर-जयकिशन यांना मिळाले. गुलाम मोहम्मद हयात नव्हते म्हणून, असे म्हणावे तर जयकिशनही सप्टेंबर १९७१ मध्येच गेले होते. 'बेईमान'मधील भूमिकेबद्दल मिळालेले पारितोषिक अभिनेते प्राण यांनी याच्या निषेधार्थ नाकारले. खोटा सन्मान नोंदवला की ही खरी उपेक्षा झाकली जाते. तसेच 'पाकीझा'च्या श्रेयाचे. गाणी गुलाम मोहम्मद यांची आणि त्यांच्या पश्चात पार्श्वसंगीत पूर्ण केले नौशाद यांनी. सगळेच नौशाद यांच्या नावे लिहिणे जेवढे चूक, तेवढेच नौशाद यांचा वाटा गाळणेही चूक.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. उर्दूत 'गुलाम' गैनने लिहितात. रोमन लिपीत त्याचे 'जीएच' होते आणि त्यावरून उतरवणारा 'घुलाम' लिहितो. 'मोहम्मद' उर्दूत एकाच प्रकारे लिहिले जाते, पण मराठीत त्याचे महंमद, मोहम्मद, मुहम्मद असे अनेक अवतार होतात. हिंदीतला 'पाकीज़ा' नुक्ता गळून मराठीत 'पाकीजा' होतो. वास्तविक त्या ध्वनीसाठी 'आझमी', 'मिर्झा' असा 'झ' मराठीत रूढ आहे. उलट उर्दूतही जेर-जबर आणि तश्दीद सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे नाव ठाऊक नसलेला 'खय्याम'चे 'खयाम' आणि 'सज्जाद'चे 'सजाद' करून बसतो. 'पाकीझा'च्या गीतकारांत कैफी आझमी आहेत आणि कैफ भोपालीही आहेत. उर्दूत फरक एका 'ये'चा, पण माणसे दोन. एक आझमगडकडचे, दुसरे भोपाळचे. तो 'ये' गळला की एकाची गाणी दुसऱ्याच्या खात्यावर जातात. 'खजांची' (१९४१)चे गुलाम हैदर आणि आपले गुलाम मोहम्मद यांचीही अशीच गल्लत होऊ शकते.

उर्दू शाळेत शिकवताना आम्ही हे रोज पाहतो. हजेरीपटावर एक, दाखल्यावर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे नाव. पुढे त्याच मुलाला ही तिन्ही नावे आपलीच आहेत, हे सिद्ध करत फिरावे लागते. हयात माणूस निदान प्रतिज्ञापत्र करू शकतो. दिवंगत कलावंताच्या वतीने ते चरित्रकारानेच करायचे असते.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. हदीसच्या अभ्यासकांनी रावींची नावे, जन्म-मृत्यू, गुरू-शिष्य तपासण्याचे 'अस्मा-उर-रिजाल' हे शास्त्रच उभे केले. लिपीत सारखी दिसणारी पण उच्चारात भिन्न असलेली नावे हा त्यातील स्वतंत्र विषय, त्यावर दारकुत्नी (मृत्यू ९९५) यांचा ग्रंथ आहे. नाव एक पण व्यक्ती अनेक, या विषयावर खतीब बगदादी (मृत्यू १०७१) यांनी लिहिले. तेथे प्रश्न धर्माचा होता, येथे कलेचा आहे. पण 'हे कोणी सांगितले आणि त्याला ते कसे कळले?' हा सवाल दोन्हीकडे सारखाच.

म्हणून चरित्रकारांकडे आमचे मागणे साधे आहे. नावाचे एकच रूप ठरवून ते शेवटपर्यंत पाळावे, ते ठरवताना उर्दू जाणणाऱ्याला विचारावे. चित्रपटाचे साल आणि पारितोषिक-समारंभाचे साल वेगळे लिहावे. श्रेयनामावली मूळ चित्रपटावरून किंवा तबकडीवरून पाहावी. आणि उर्दू जाणणाऱ्या आपल्यासारख्या मराठी वाचकांनी चूक दिसताच संपादकाला दोन ओळी लिहाव्यात. नुसते हळहळून गुलाम मोहम्मद यांना न्याय मिळणार नाही. त्यांचे नाव नीट लिहिले गेले आणि जे त्यांचे होते तेवढेच, पण ते सगळे, त्यांच्या नावे नोंदले गेले, तर तो मिळेल.