संक्षेपकारांचा रोम

संक्षेप करणाऱ्या लेखकाला वाङ्मयेतिहासात सहसा मानाचे आसन मिळत नाही. मूळ ग्रंथ उपलब्ध असेल तर त्याचा संक्षेप निरुपयोगी ठरतो. आणि मूळ ग्रंथ नष्ट झाला असेल तर संक्षेपाकडे केवळ त्याचे अवशेष शोधण्याची जागा म्हणून पाहिले जाते. दोन्ही प्रसंगी संक्षेपकार स्वतः अदृश्यच राहतो. मध्ययुगीन बायझंटाइन इतिहासकारांच्या वाट्याला नेमके हेच आले. रोमच्या प्राचीन इतिहासाची जी माहिती त्यांच्यामुळे टिकली, ती अभ्यासकांनी आनंदाने उचलली; मात्र ती टिकवताना त्यांनी काय निवडले, काय वगळले आणि कोठे स्वतःचा स्वर मिसळला, हा प्रश्न दीर्घकाळ गौण मानला गेला. प्रस्तुत लेखात तो प्रश्न मुख्य मानून, अकराव्या शतकातील योआनेस क्सिफिलिनोस आणि बाराव्या शतकातील योआनेस झोनारास या दोन ग्रंथकारांकडे पाहावयाचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ‘बायझंटाइन साम्राज्य’ हे नाव त्या साम्राज्यातील लोकांनी स्वतःला दिलेले नाही. ते सोळाव्या शतकातील युरोपीय विद्वानांच्या लेखनातून रूढ होत गेले. इ. स. 330 मध्ये कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीचे उद्घाटन केले, तेव्हापासून 1453 मध्ये ती ओस्मानी तुर्कांच्या हाती पडेपर्यंत तेथील लोक स्वतःला ‘रोमाइओइ’ म्हणजे रोमनच म्हणवीत. त्यामुळे रोम्युलस, ब्रूटस किंवा स्किपिओ हे त्यांच्या लेखी परक्या राष्ट्राचे वीर नव्हते. ते पूर्वज होते. परंतु या पूर्वजांपासून त्यांना तीन गोष्टी दूर नेत होत्या. पूर्वजांची भाषा लॅटिन होती, यांची ग्रीक. पूर्वज अनेक देवतांचे उपासक होते, हे ख्रिस्ती. पूर्वजांनी राजाला हाकलून प्रजासत्ताक उभारले, तर यांच्या जीवनाचा मध्यबिंदू सम्राट होता. या तिहेरी अंतरावरून वारसा सांगायचा, हा त्यांच्यापुढील वाङ्मयीन पेच होता. लिव्ही आणि टॅसिटस त्यांच्या वाचनाबाहेरच राहिले. रोमची ओळख त्यांना झाली ती पॉलिबियस, प्लूटार्क, कॅसियस डिओ अशा ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लेखकांकडून.

ग्रंथांचा आधार सैल झाला की स्मृती कोणते रूप घेते, याचे उदाहरण सहाव्या शतकातील अँटिऑकचा इतिवृत्तकार मलालास याच्याकडे सापडते. त्याच्या कथनानुसार, भावाच्या हत्येनंतर रोम्युलसच्या नगराला भूकंपाचे धक्के बसू लागले. तेव्हा देववाणीच्या आज्ञेवरून त्याने रेमसची सुवर्णप्रतिमा आपल्या शेजारी सिंहासनावर बसविली आणि तेव्हापासून राजाज्ञा ‘आम्ही’ या बहुवचनात निघू लागल्या. याच मलालासने सिसेरो आणि सॅलस्ट यांना कवी ठरविले आहे. अशा स्थळांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु राजाज्ञेतील ‘आम्ही’ या सर्वनामात बंधुहत्येचे प्रायश्चित्त पाहणारी ही कल्पना निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. चालू प्रथेचे मूळ प्राचीन रोममध्ये असलेच पाहिजे, या श्रद्धेतून ती आली आहे. इतिहास येथे उगमकथेचे काम करतो.

दहाव्या शतकात सातव्या कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या आश्रयाने याच्या अगदी उलट टोकाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. इतिहासग्रंथांचा पसारा वाचकाला भेडसावणारा झाला आहे, या जाणिवेने अनेक इतिहासकारांचे उतारे काढून त्यांची 53 विषयांखाली विभागणी करण्यात आली. त्यांपैकी राजदूतमंडळे, सद्गुण व दुर्गुण, कटकारस्थाने आणि सुभाषिते एवढ्या विषयांचेच संग्रह कमीअधिक प्रमाणात आज उरले आहेत. पॉलिबियसच्या 40 खंडांपैकी पहिले पाचच पूर्ण उपलब्ध आहेत. उरलेल्यांतील बराच मजकूर या संग्रहांमुळे वाचला. अटिलाच्या दरबाराचे प्रिस्कसने केलेले प्रत्यक्षदर्शी वर्णन आपण वाचू शकतो, तेही तो तेथे दूतमंडळाबरोबर गेला होता म्हणून. मात्र या पद्धतीची किंमतही मोजावी लागली. घटनांचा कार्यकारणभाव तुटला आणि इतिहास दृष्टान्तांच्या कप्प्यांत विभागला गेला. ‘राजदूत’ या कप्प्यात न बसणारा प्रसंग दुसऱ्या एखाद्या कप्प्यात गेला असेल, तर त्या कप्प्याबरोबर तोही गेला.

आता डिओकडे वळू. बिथिनियातील निकेआ येथे जन्मलेल्या आणि 229 मध्ये दुसऱ्यांदा कॉन्सल झालेल्या या सेनेटरने रोमचा इतिहास 80 खंडांत ग्रीक भाषेत लिहिला. त्यातील 36 ते 60 हे खंड बऱ्याच अंशी मूळ रूपात उरले आहेत. पहिल्या 21 खंडांचा सलग आशय आपल्याला मुख्यतः झोनारासमुळे कळतो आणि 61 पासून पुढचा मुख्यतः क्सिफिलिनोसमुळे.

क्सिफिलिनोस हा मठवासी होता. त्याच नावाच्या कुलगुरू धर्माध्यक्षाचा तो पुतण्या. सातव्या मिखाइल डूकासच्या कारकिर्दीत (1071–1078) त्याने डिओच्या 36 व्या खंडापासून पुढचा संक्षेप केला. 1071 हे मान्झिकर्टच्या पराभवाचे वर्ष. रोमनांचा सम्राट त्या रणांगणावर सेल्जुक सुलतानाचा बंदी झाला होता. अशा काळात हा लेखक जुन्या सम्राटांची चरित्रे का उतरवून काढतो? ऑगस्टसच्या राज्यव्यवस्थेपाशी येताच तो डिओचा आवाज थांबवतो, स्वतःचे नाव व काळ सांगतो आणि आपले आजचे जीवन व राज्यव्यवस्था त्या काळावरच अवलंबून असल्याने येथून पुढे अधिक काळजीने सांगणे आवश्यक आहे, अशा आशयाचे निवेदन करतो. ऑगस्टस आणि आपण यांच्यामध्ये त्याला खंड दिसत नाही. दिसते ती अकरा शतकांची अखंड रेषा.

दुसऱ्या एका ठिकाणी तो डिओला थेट खोटे पाडतो. मार्कस ऑरेलियसच्या तहानलेल्या सैन्यावर अकस्मात पाऊस कोसळला, त्याचे श्रेय डिओने एका इजिप्शियन मांत्रिकाच्या आवाहनाला दिले होते. क्सिफिलिनोसच्या मते डिओ येथे जाणूनबुजून सत्य दडवतो. तो पाऊस सैन्यातील ख्रिस्ती सैनिकांच्या प्रार्थनेने पडला. येथे लक्षणीय गोष्ट अशी की, त्याने डिओचा मजकूर पुसला नाही. आधी तो उतरवला आणि मग त्याचे खंडन केले. धर्मनिष्ठा आणि संहितानिष्ठा यांचा संघर्ष त्याने वाचकासमोर उघडा ठेवला, म्हणूनच डिओचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचले.

फर्गस मिलर यांनी 1964 मधील आपल्या डिओविषयक अभ्यासात क्सिफिलिनोसच्या ग्रंथाला सारांशापेक्षा काहीशी लहरी निवड म्हणणे अधिक योग्य मानले. डिओच्या शोधात निघालेल्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा निर्णय रास्त आहे. प्रदीर्घ भाषणे आणि राजकारणाचे बारकावे कापले जातात, आख्यायिका आणि सम्राटांचे स्वभावविशेष राहतात, हे खरेच. परंतु सम्राटाच्या स्वभावावर राज्याचे भवितव्य ठरते, हे जो रोज अनुभवतो, त्याने स्वभावविशेष जपावेत यात लहर कोठे आहे?

झोनारासची गोष्ट निराळी आहे. साम्राज्याच्या न्यायव्यवस्थेत व सचिवालयात उच्च पदे भूषविल्यानंतर त्याने संन्यास घेतला आणि राजधानीपासून दूर, संत ग्लिकेरियाच्या बेटावरील मठात राहून विश्वोत्पत्तीपासून 1118 पर्यंतचा इतिहास रचला. क्सिफिलिनोसने न घेतलेले प्रजासत्ताक याने घेतले. ट्रिब्यून, सेन्सॉर, डिक्टेटर ही पदे का निर्माण झाली, हे तो कायदेपंडिताच्या चोखंदळपणे सांगतो. विजयी सेनानीच्या मिरवणुकीत त्याच रथावर उभा असलेला गुलाम त्याच्या मस्तकावर मुकुट धरून ‘मागे पाहा’ असे बजावत असे, हा तपशीलही तो सोडत नाही.

हाच लेखक आपल्या काळातील अलेक्सिओस कोम्नेनोस या सम्राटावर टीका करतो, तेव्हा त्याचा मुख्य आक्षेप असा की, सम्राटाने स्वतःला राज्याचा कारभारी न मानता धनी मानले, सार्वजनिक संपत्ती आप्तांवर उधळली आणि सेनेटरांचा यथोचित मान राखला नाही. या टीकेत पदस्थ वर्गाचे गाऱ्हाणे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ‘सार्वजनिक’ म्हणजे कोणा एकाचे नव्हे, ही कल्पना त्याला ज्या रोमन परंपरेतून मिळाली, तिचाच इतिहास त्याने आधीच्या खंडांत सविस्तर लिहिला होता. या दोन भागांचे नाते तो स्वतः सांगत नाही. पण सलग वाचणाऱ्याला ते जाणवल्यावाचून राहत नाही.

मात्र त्याच्या ग्रंथातील सर्वांत हृदयस्पर्शी स्थळ वेगळेच आहे. कार्थेज आणि कॉरिंथ यांच्या विनाशापर्यंत, म्हणजे इ. स. पू. 146 पर्यंत आल्यावर तो थांबतो. पुढील काळाचे ग्रंथ वारंवार शोधूनही मिळाले नाहीत; काळाने ते नष्ट केले असतील किंवा ज्यांच्यावर शोध सोपविला त्यांनी तो नीट घेतला नसेल; आपण तर दूर बेटावर राहतो, तेव्हा कोणी आळसाचा ठपका ठेवू नये, असे तो सांगतो. त्यानंतर प्लूटार्कच्या आधाराने तो पुढच्या काळाकडे सरकतो. झोनारास डिओच्या 21 व्या खंडापाशी थांबला आणि क्सिफिलिनोसने 36 व्यापासून आरंभ केला होता. मधल्या खंडांत ग्राकस बंधू, मारियस आणि सुला होते. प्रजासत्ताक कसे मोडले याची कहाणी होती. डिओची ती कहाणी आज तुकड्यांत मिळते आणि त्यांतील बरेचसे तुकडे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या त्याच कप्पेबंद संग्रहांनी राखलेले आहेत. ज्या पद्धतीने कार्यकारणभाव तोडला, तिनेच हे तुकडे वाचविले.

यावरून संक्षेपकाराचे मूल्यमापन नव्याने करावे लागते. त्याला केवळ वाहक मानले तर त्याची निवड दिसत नाही. केवळ स्वतंत्र निर्माता मानले तर त्याची निष्ठा दिसत नाही. क्सिफिलिनोसने ज्याच्याशी मतभेद होता त्याचाही शब्द राखला. झोनारासने आपल्याजवळ काय नाही हे लिहून ठेवले. रिकामी जागा कल्पनेने भरण्याचा मार्ग मलालासच्या उदाहरणाने त्याच्यासमोर मोकळा होता. तो त्याने घेतला नाही. पूर्वजांवर हक्क सांगणारे प्रत्येक समाजात पुष्कळ असतात. त्यांच्याविषयी आपल्याला किती कमी ठाऊक आहे हे नोंदवणारे थोडे. झोनारासची थोरवी या दुसऱ्या गटात मोडते.