दूध सांडलं, तात्पर्य उरलं

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी शिकायची हुक्की येते. आमच्या एका शेजाऱ्यांनी पेटी धरली. परिणाम सगळी चाळ भोगते आहे. मी शेजारधर्म पाळून स्पॅनिश धरलं.

‘सोप्यापासून सुरुवात करा,’ म्हणून बाईंनी मुलांच्या प्राणिकथा हातात दिल्या. फेलिक्स मारिआ दे सामानिएगो या गृहस्थांनी बेर्गाराच्या विद्यालयातल्या मुलांसाठी त्या पद्यात रचल्या आणि १७८१ साली छापल्या. कोल्हा, सिंह, मुंगी, सगळी आपली इसापाची मंडळी. शेपटीला गाठ मारावी तसं प्रत्येक गोष्टीला तात्पर्य. हेच महाशय मित्रांसाठी चावट कविताही लिहीत. त्या छापून यायला मात्र बराच काळ जावा लागला. तात्पर्य मुलांना, मौज मित्रांना!

त्यातल्या गवळणीच्या गोष्टीपाशी मी अडलो. या गोष्टीतले सगळे प्राणी अजून विकत घ्यायचे आहेत. दूध विकून अंडी, अंड्यांची कोंबडी, मग डुक्कर, मग गाय-वासरू. या आनंदात पोर उडी मारते आणि दूध सांडतं. तात्पर्य : जास्तीची हाव धरू नये.

अहो, हे तर आपल्या पंचतंत्रातलं सातूचं मडकं! अरबी भाषेतून हिंडत ते १२५१ च्या सुमाराला ‘कालिला ए दिम्ना’ या नावानं स्पेनला पोचलं. पण वाटेत एक घोटाळा झाला. आपल्या ब्राह्मणानं स्वप्नातल्या बायकोला लाथ मारली, म्हणून मडकं फुटलं. ‘कालिला’तल्या बैराग्यानं स्वप्नातल्या पोरावर काठी उगारली आणि मध-लोणी डोक्यावर घेतलं. दोघांचंही चांगलं झालं! या गवळणीनं मात्र कुणाचं काय केलं होतं? ती नुसती आनंदानं उडाली. गुन्हा लाथेवरून उडीवर आला, शिक्षा तेवढीच राहिली. आणि समाधानी राहायला सांगणारे सामानिएगो स्वतः खात्यापित्या जमीनदार घरातले. गाय त्यांना स्वप्नात बघावी लागत नव्हती.

पद्य गोड आहे, गवळणीची चाल तर डोळ्यांपुढे उभी राहते. गफलत आहे ती शेवटच्या उपदेशात.

माझी आई कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडायची. दोन महिने दूध पाव शेर कमी, दिवाळीला लुगडं नाही, की शिलाई मशीनचा पहिला हप्ता. मग शेजारणींची पोलकी, मग माझी फी. वडील पेपराआडून म्हणायचे, ‘झालं का शेख महंमदी सुरू?’ आम्ही पोरं खो खो हसायचो. ती पाठीवरचं पान उलटून पुन्हा तारखा वर करायची.

मशीन काही आलं नाही. परीक्षेत बाईंनी विचारलं, ‘गोष्टीचं तात्पर्य लिहा.’ मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये लिहिलं, ‘तिला दुसरी घागर द्या.’

बाईंनी व्याकरणाचा अर्धा मार्क कापला. बाकीचे दिले.