सरासरी कशाची घ्यायची?

त्रिकोणाच्या शिरोबिंदूंचे सहनिर्देशक देऊन मध्यगासंपात काढायला सांगणारे उदाहरण शाळेत हमखास येते. तिन्ही क्ष-सहनिर्देशकांची बेरीज करायची, तीनने भागायचे, य-सहनिर्देशकांचेही तसेच. उत्तर बरोबर येते, गुणही मिळतात. आमची तक्रार गुणांबद्दल नाही, या सूत्राने जी सवय लागते तिच्याबद्दल आहे.

एक साधी आकृती घेऊ. ६ सेंमी बाजूच्या चौरस पुठ्ठ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून ४ सेंमी बाजूचा चौरस कापून टाका. २ सेंमी रुंदीचा, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा तुकडा उरतो. खालचा डावा कोपरा आरंभबिंदू मानला, तर या तुकड्याचा गुरुत्वमध्य कोठे असेल?

सूत्राची सवय झालेला विद्यार्थी सहा शिरोबिंदूंची सरासरी काढेल, उत्तर (२.६७, २.६७). दुसरा पुठ्ठ्याचे दोन आयत पाडेल, एक उभा २ × ६ आणि एक आडवा ४ × २. त्यांचे मध्य (१, ३) आणि (४, १). त्यांची सरासरी (२.५, २). दोन्ही उत्तरे चूक आहेत. दुसरे उत्तर चूक आहे हे तर गणित न करताही दिसते. पुठ्ठा कर्णाभोवती सममित आहे, म्हणून दोन्ही सहनिर्देशक समान यायलाच हवेत. शिवाय खाली आडवा ६ × २ आणि वर उभा २ × ४ असे आयत पाडले, तर याच रीतीने (२, २.५) येते. एकाच पुठ्ठ्याला दोन गुरुत्वमध्य कसे असतील?

चूक सरासरी घेण्यात नाही, वजन विसरण्यात आहे. उभा आयत १२ चौ. सेंमी, आडवा ८. पुठ्ठा सगळीकडे सारखा जाड असल्याने क्षेत्रफळ हेच वजनाचे माप. म्हणून क्ष = (१२ × १ + ८ × ४) ÷ २० = २.२ आणि य = (१२ × ३ + ८ × १) ÷ २० = २.२. हा बिंदू पुठ्ठ्यावर नाहीच, कापलेल्या मोकळ्या जागेत आहे!

त्रिकोणाचे सूत्र खरे ठरते, कारण तीन शिरोबिंदूंवर ठेवलेल्या तीन समान वजनांचा गुरुत्वमध्य आणि एकसारख्या त्रिकोणी पत्र्याचा गुरुत्वमध्य एकच असतो. हा त्रिकोणाचा विशेष; तो प्रत्येक चौकोनालाही लागू पडत नाही. पुस्तक सूत्र देते, पण हा विशेष सांगत नाही, ही त्यातली उणीव.

पुढे अभियांत्रिकीच्या वर्गात तुकडा, क्षेत्रफळ, अंतर, गुणाकार असे कोष्टक येते आणि कापलेल्या भागापुढे ऋण चिन्ह द्यायला सांगतात. क्षेत्रफळ ऋण कसे, या प्रश्नाला कोष्टकात उत्तर नाही. तराजूत आहे. पूर्ण चौरस म्हणजे उरलेला तुकडा आणि कापलेला तुकडा मिळून; म्हणून ३६ × ३ = २० × क्ष + १६ × ४. क्ष पुन्हा २.२. ऋण चिन्ह हे केवळ बाजू बदलल्याचे चिन्ह आहे.

इ. स. पू. तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने प्रतल आकृतींच्या समतोलावर ग्रंथ लिहिला. त्यात तरफेचा नियम आधी येतो, मग कापून उरलेल्या भागाचा गुरुत्वमध्य आणि त्यानंतर समांतरभुज चौकोन व त्रिकोण. आपण हा क्रम उलटा केला आणि तरफ गाळूनच टाकली.

ती परत आणायला खर्च नाही. एका हलक्या काडीच्या एका टोकाला तीन आणि दुसऱ्या टोकाला दोन सारखी नाणी चिकटवा. काडी दोऱ्याने टांगली की जड टोकापासून सुमारे दोन-पंचमांश लांबीवर ती आडवी राहते. आपल्या आयतांचे प्रमाणही १२ : ८, म्हणजे ३ : २ हेच आहे. (१, ३) पासून (४, १) कडे दोन-पंचमांश अंतर जा, (२.२, २.२) वरच पोचाल. ही काडी आधी वर्गात फिरू द्यावी, सूत्र फळ्यावर मागाहून लिहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.