जब्बार पटेल : भिंत आणि ओळ

जब्बार पटेल यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले; पण ते बहुतेक नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत बसून. मी हिवरा आश्रमात शिकवतो. इथून ही कारकीर्द जरा वेगळी दिसते.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. गाणाऱ्या, डुलणाऱ्या ब्राह्मणांची ओळ म्हणजेच भिंत, ही कल्पना तेंडुलकरांच्या संहितेतली. तिला चाल दिली ती पटेल आणि नृत्यरचनाकार कृष्णदेव मुळगुंद यांनी, सूर चंदावरकरांचा. ओळ पाठ फिरवते आणि नानांचे चाळे तिच्याआड जातात. सत्तेचे पाप झाकायला माणसेच लागतात आणि ती भजन म्हणत झाकतात, हा विचार इथे संवादांनी नव्हे, शरीरांनी सांगितला. एवढी धारदार दृश्यकल्पना त्या काळच्या मराठी रंगभूमीवर मला दुसरी आठवत नाही.

पण त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोण आहे? आत पुण्याचा ब्राह्मण, बाहेर कनोजचा ब्राह्मण. ज्याची सावलीसुद्धा चालत नव्हती तो त्याच पेशवाईत होता. नाटकात त्याला जागा नाही. आणि नाटकाचे रूप आले कुठून? खेळे, दशावतार, तमाशा, कीर्तन यांतून. १९८० मध्ये ते रूप युरोपात वाखाणले गेले. ज्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी तमाशाचा फड पिढ्यान्‌पिढ्या जगवला, त्यांच्या वाट्याला त्यातले काय आले, हे विचारणे म्हणजे कलाद्वेष नव्हे.

‘सामना’ (१९७५), ‘सिंहासन’ (१९७९), ‘उंबरठा’ (१९८२) हे चांगले चित्रपट आहेत. पण तिथे पटेलांनी सत्ता पाहिली ती मुख्यतः चेहऱ्यांतून. ‘जैत रे जैत’ (१९७७) मात्र समूहाकडे परतला. ठाकरांचे नाच, डोंगर, मधमाश्या. तरी कष्टकऱ्याचे दारिद्र्य गाण्यात गोड होऊन जाते.

मग ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००). मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. मनुस्मृतिदहन आणि पुणे कराराचा पेच सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या चित्रपटाने दाखवावा, ही लहान गोष्ट नाही. चित्रपट मूळ इंग्रजीत. मी तो डब केलेल्या आवाजात पाहिला, आणि तरीही वस्तीतली म्हातारी माणसे हात जोडून बसली होती. त्या हातांचा मला आदर आहे. कॅमेऱ्यानेही तसेच हात जोडावेत हे मात्र पटत नाही. नानांचे वलय फोडणारा दिग्दर्शक इथे अदबीने दूर उभा राहतो, आणि लोक पार्श्वभूमी होतात.

आमच्या गावी विवेकानंद जयंतीला शेतात हजारोंच्या पंगती बसतात. माणसांची ओळ नेहमी भिंतच असते असे नाही, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो अस्पृश्य ओळीने चवदार तळ्याकडे चालत गेले. पेशवाईच्या त्या भिंतीला इतिहासाने दिलेले हे उत्तर, तेही ओळीच्याच रूपात! ‘घाशीराम’च्या वेळी पटेल अवघ्या तिशीत होते, आणि समूह कसा हलवावा हे त्यांना पक्के ठाऊक होते. महाडच्या प्रसंगाला तोच हात हवा होता.